फेस गाडीवर, प्रश्न पाण्याचा

मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने एक आदेश काढला. पिण्याचे पाणी मोटारी धुण्यासाठी, बागांसाठी, बांधकामासाठी किंवा कारंज्यांसाठी वापरणाऱ्यास ५,००० रुपये दंड आणि आदेश पुन्हा मोडल्यास दर दिवसाला आणखी ५०० रुपये, असे त्याचे स्वरूप होते. पहिल्या काही दिवसांतच २२ कुटुंबांकडून १ लाख १० हजार रुपये वसूल झाले. त्याच वर्षी मेअखेरीस दिल्लीत नळाला पाइप लावून गाडी धुणाऱ्यास २,००० रुपये दंड जाहीर झाला आणि पाण्याची नासाडी शोधण्यासाठी २०० पथके नेमण्याचे निर्देश देण्यात आले. मुंबईत त्याच सुमारास धरणांतील साठा घटल्याने ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात लागू झाली. ती उठायला जुलैची अखेर उजाडावी लागली. गाडी धुणे ही घराच्या आवारातली खासगी बाब राहिलेली नाही, हे या उन्हाळ्याने दाखवून दिले. गंमत अशी, की २०१९ मध्ये दुबईच्या नगरपालिकेने नेमका उलट इशारा दिला होता. सार्वजनिक वाहनतळावर बरेच दिवस धूळ खात पडलेल्या अस्वच्छ गाडीला तेथे ५०० दिऱ्हॅम दंड ठरला. म्हणजे नोकरीनिमित्त दुबईत राहणाऱ्या मराठी माणसाला गाडी धुतली नाही म्हणून दंड, आणि बंगळुरूत स्थायिक झालेल्या त्याच्या भावाला धुतली म्हणून दंड!

नेमक्या याच काळात महाराष्ट्रातील शहरांत गाडी धुण्याची एक नवी रीत रुजली आहे. रस्त्याकडेच्या धुलाई केंद्रांवर ‘फोम वॉश’ किंवा ‘स्नो वॉश’ असे फलक दिसतात. बर्फाच्या चादरीसारखा पांढराशुभ्र फेस अंगावर घेऊन गाडी काही मिनिटे उभी राहते आणि मग पाण्याच्या झोताबरोबर सगळी धूळ घेऊन तो फेस खाली ओघळतो. घरच्या घरी हेच करता यावे म्हणून लहान प्रेशर पंप आणि फेस उडवणाऱ्या नळ्या बाजारात आल्या आहेत. या खटाटोपामागे दिले जाणारे कारण एकच, ते म्हणजे रंगावर ओरखडे पडू नयेत. हे कारण खोटे नाही. मात्र ओरखडा टाळण्याची किंमत कोण मोजतो, किती पाण्यात मोजतो आणि तो फेस शेवटी जातो कुठे, याचा विचार फलक लावणाऱ्यानेही केलेला नसतो आणि गाडी आणणाऱ्यानेही.

प्रथम ओरखड्याचेच पाहू. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मोटारीच्या पत्र्यावर रंगाचा एकच थर नसतो. सर्वांत खाली गंजरोधक लेप असतो. पत्रा टाकीत बुडवून विजेच्या साह्याने तो चढवला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लेप. हे सारे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन, आणि त्यातला वरचा पारदर्शक लेप असतो ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉन जाड धरला, तर गाडीची सारी चकाकी केसापेक्षा पातळ अशा एका थरावर उभी आहे. उन्हापासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच थरात असतात.

या लेपाचा खरा शत्रू म्हणजे धूळ. त्यातही आपल्याकडची धूळ साधी माती नव्हे. क्वार्ट्झ म्हणजे वाळूतील गारेचा कण काठिण्याच्या मोजपट्टीवर सातव्या क्रमांकावर बसतो; खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. रंगावरचा लेप हे तर एक प्रकारचे प्लास्टिकच. त्यापुढे त्याचा टिकाव लागणे कठीण. पुण्या-मुंबईच्या बांधकामांत नदीच्या वाळूची जागा आता काळा पाषाण भरडून केलेल्या वाळूने घेतली आहे, आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने या कृत्रिम वाळूसाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले. नद्यांच्या दृष्टीने हे इष्टच. परंतु शतकानुशतके पाण्यात घोळून गुळगुळीत झालेला नदीचा कण आणि यंत्रात फोडलेला टोकदार कण यांत फरक आहे. मेट्रोची कामे, पुनर्विकास, रस्त्यांचे काँक्रिटीकरण यांतून उडणारी ही कच रोज रात्री उभ्या गाड्यांवर बसते. मुंबईच्या हवेची अवस्था इतकी बिघडली, की ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेला बांधकामांभोवती उंच पत्रे लावण्याचे आणि बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुण्याचे नियम काढावे लागले, आणि नोव्हेंबरमध्ये रस्ते धुण्याची मोहीमही हाती घ्यावी लागली. रस्तेच जिथे धुवावे लागले, तिथे गाडीची काय कथा!

आता पहाटेचे चित्र पाहावे. कोणत्याही मध्यमवर्गीय गृहसंकुलात पाच-साडेपाचच्या सुमारास एक माणूस बादली आणि फडके घेऊन वाहनतळावर फिरताना दिसतो. वीस-पंचवीस गाड्या उजाडण्याआधी पुसून व्हाव्या लागतात. फडके ओले करायचे, पिळायचे, छपरापासून बॉनेटपर्यंत फिरवायचे, पुन्हा त्याच बादलीत बुडवायचे. तिसऱ्या-चौथ्या गाडीपर्यंत बादलीतले पाणी चहासारखे झालेले असते आणि त्याच्या तळाशी वर वर्णन केलेली कच साचलेली असते. प्रत्येक बुडीबरोबर ती फडक्यात शिरते आणि पुढच्या गाडीवर घासली जाते. सहा महिन्यांनी गाडीधारक भर दुपारच्या उन्हात काळ्या किंवा गडद निळ्या दारावर तिरकी नजर टाकतो, तेव्हा त्याला सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी असंख्य बारीक वर्तुळे दिसतात. मग दोष त्या माणसाच्या माथी मारला जातो.

हा दोष अन्यायाचा आहे. अनेक संस्थांमध्ये गाडी पुसणाऱ्याला ‘इतक्या गाड्यांना एकच बादली’ असा नियम समितीनेच घालून दिलेला असतो. पाइप लावायचा नाही, तळमजल्याच्या नळाला कुलूप, टँकरचे बिल वाढले की पहिली सूचना त्यालाच. शिवाय पैसे मिळतात ते गाडीमागे महिन्याला काही शे रुपये, तेव्हा एका गाडीला पाच-सात मिनिटांपेक्षा अधिक देणे त्याला परवडत नाही. कमी पाणी, कमी वेळ आणि रोज पुसण्याचा आग्रह या तीन अटी एकत्र आल्या, की ओरखडे हे अटळच. गाडी कोरडी धूळ झटकून आठवडाभर राहू दिली असती तरी तिचे काही बिघडले नसते. पण सकाळी कामावर निघताना काचेवर पाण्याचे ओघळ दिसले नाहीत, तर ‘आज गाडी पुसलीच नाही’ अशी तक्रार होते. रोजच्या ओल्या फडक्याचा मोह स्वच्छतेपेक्षा हजेरीशी अधिक निगडित आहे.

फेसाची पद्धत या दुखण्यावर बरोबर बोट ठेवते. तिचे तत्त्व एवढेच, की कापड गाडीला लागण्यापूर्वी जितकी कच निघून जाईल तितकी घालवावी. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सलगी करते, तर दुसरे तेलाशी. रस्त्यावरचा धूर, तेलकट तवंग आणि धूळ यांचा जो चिवट थर गाडीवर बसतो, त्यात हे दुसरे टोक घुसते, कणांना वेढते आणि पत्र्यापासून सैल करते. साबणाचे पाणी नुसते ओतले तर ते क्षणात वाहून जाते. फेस मात्र उभ्या दारावरही चिकटून राहतो आणि साबणाला काम करायला तीन-चार मिनिटांचा अवधी मिळतो. फेस उडवणाऱ्या नळीत पाण्याचा जोरदार झोत साबण ओढून घेतो, हवाही खेचतो आणि ते मिश्रण तारेच्या बारीक जाळीतून बाहेर पडताना फुलून येते. मग झोताने गाडी धुतली, की सैल झालेली कच पत्र्यावर न घासता ओघळून जाते.

मात्र इथे एक गोष्ट फलकांवर लिहिलेली नसते. फेस सगळा मळ काढत नाही. पत्र्याला घट्ट बसलेली बारीक पुटे नुसत्या फेसाने जात नाहीत. त्यासाठी हात लावावाच लागतो. फेसाने निम्मी-अधिक कच गेलेली असते, म्हणून त्या हात लावण्यातली जोखीम कमी होते, इतकेच. म्हणूनच ज्यांना खरोखर रंग जपायचा असतो ते फेसानंतर दोन बादल्या घेतात. एकीत साबणाचे पाणी, दुसरीत नुसते स्वच्छ पाणी. लांब केसांचा मऊ हातमोजा प्रत्येक फेरीनंतर आधी साध्या पाण्यात खळबळायचा आणि मगच साबणात बुडवायचा. चाकांसाठी निराळा कपडा, कारण ब्रेकच्या झिजेतून निघणारी भुकटी धातूची असते. पुसताना जाड मायक्रोफायबरचा टॉवेल दाबून न घासता पाणी टिपून घ्यायचे. हे सारे सावलीत करायचे, कारण पुणे किंवा नागपूरच्या एप्रिलच्या उन्हात फेस तापल्या पत्र्यावर वाळला, तर त्याचे डाग मूळ धुळीपेक्षा बरे दिसत नाहीत.

प्रत्यक्षात बहुतेक धुलाई केंद्रांवर काय घडते? फेस डोळ्यांत भरेल इतका उडवला जातो, ग्राहक मोबाइलवर त्याचे चित्रण करतो, आणि मग ज्या स्पंजने आधीच्या गाडीची चाके घासली तोच स्पंज या गाडीच्या बॉनेटवर फिरतो. पन्नास-शंभर रुपये अधिक मोजून ग्राहकाने जे टाळले होते, तेच त्याच्या पदरात पडते. फेसाची जाडी ही मुख्यत्वे देखाव्याची बाब आहे. साबणाचे रसायन आणि पाण्याची स्वच्छता यांवर काम ठरते. काही ठिकाणी स्वस्त पडतो म्हणून कपडे धुण्याचा साबणच टाकीत ओतला जातो. तो अल्कधर्मी असल्याने रंगावरचे मेण उतरवतो आणि रबरी पट्ट्या लवकर कोरड्या पाडतो. झोताचे तोंड पत्र्याच्या फार जवळ नेले, तर जिथे रंगाची खपली आधीच उडाली आहे तिथला रंग आणखी सुटतो. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक, डांबर हे तर फेसाला दादच देत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे लवकर आणि वेगळ्या द्रव्याने काढणे.

ओरखडे पडलेच, तर ‘पॉलिश’ आहेच, असे काहींना वाटते. पॉलिश करणे म्हणजे पारदर्शक लेपच थोडासा खरवडून ओरखड्याच्या तळापर्यंत सपाट करणे. दर वेळी काही मायक्रॉन जातात आणि ते परत येत नाहीत. मुळात चाळीसच्या आसपास मायक्रॉन असलेल्या थरावर असे खर्च किती वेळा करता येतील, हे गणित कठीण नाही. सिरॅमिक लेपाने पाणी व मळ लवकर घसरतो हे खरे, परंतु कचभरल्या फडक्यापुढे तोही फार काळ टिकत नाही.

आता पाण्याचा हिशेब. रोजच्या ओल्या फडक्याला गाडीमागे निदान अर्धी बादली म्हणजे ८ लिटर पाणी धरू. महिन्याचे २६ दिवस धरले तर २०८ लिटर झाले. फेसाच्या पद्धतीत लहान प्रेशर पंप मिनिटाला ५ ते ७ लिटर पाणी घेतो. आधीची धुलाई आणि नंतरची मिळून सात-आठ मिनिटे, शिवाय दोन बादल्या, म्हणजे एका वेळेला सुमारे ७० लिटर. पंधरवड्यातून एकदा केले तर महिन्याचे १४० लिटर. याउलट नळाला साधा पाइप लावून, तो मध्ये बंद न करता गाडी धुतली, तर मिनिटाला १२ ते १५ लिटर या हिशेबाने दहा-बारा मिनिटांत दीडशे लिटर पाणी एकाच धुलाईत जाते. शहरी पाणीपुरवठ्याचे मान दर माणशी दर दिवशी १३५ लिटर मानले जाते. म्हणजे पाइपची एक धुलाई ही एका माणसाच्या संपूर्ण दिवसाच्या वाट्यापेक्षा अधिक, आणि फेसाची एक धुलाई त्याच्या निम्म्याएवढी.

हेच आकडे दोनशे गाड्यांच्या संकुलाला लावून पाहावेत. रोजच्या फडक्याला महिन्याला ४१ हजार ६०० लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चारांहून अधिक टँकर. पंधरवड्याच्या फेसाला २८ हजार. वरवर पाहता वाचलेले पाणी मोठे वाटत नाही, पण पुण्याच्या वाघोलीपासून ठाण्याच्या घोडबंदरपर्यंत ज्या वस्त्यांचा उन्हाळा टँकरवरच जातो, तिथे दर महिन्याला एकाहून अधिक टँकर कमी होणे ही सभेत टाळ्या मिळवणारी गोष्ट आहे. अर्थात यात एक अट दडलेली आहे. फेसाची धुलाई रोजच्या फडक्याच्या जागी आली पाहिजे. रविवारी फेस आणि सोमवार ते शनिवार ओले फडके असे दोन्ही सुरू राहिले, तर पाणी दुप्पट जाईल आणि ओरखडेही राहतील. आज बहुसंख्य ठिकाणी नेमके हेच होत आहे. शिवाय टँकरचे पाणी बहुधा विंधनविहिरीचे, क्षारांनी जड. अशा पाण्याने धुतलेली गाडी उन्हात आपोआप वाळू दिली, तर चुन्याचे पांढरे ठिपके लेपावर कायमचे बसतात, ही आणखी एक भर.

फेस जातो कुठे, हा प्रश्न याहून अवघड आहे. घरातले सांडपाणी निदान कागदोपत्री तरी मलवाहिनीत आणि तेथून प्रक्रिया केंद्रात जाते. वाहनतळाच्या फरशीचा उतार मात्र बहुतेक इमारतींत पावसाळी गटाराकडे काढलेला असतो, आणि पावसाळी गटार म्हणजे नाला, नाला म्हणजे नदी वा खाडी. मध्ये कोणतीही प्रक्रिया नाही. त्या पाण्यात साबण तर असतोच, शिवाय ब्रेकच्या भुकटीतले तांबे, टायरच्या झिजेतले जस्त आणि तेलाचा अंशही असतो. ब्रेकमधील तांबे पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन मासे व जलचरांना घातक ठरते, हे ध्यानात घेऊन अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१० मध्येच ब्रेकच्या पॅडमधील तांब्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा कायदा केला. जर्मनीतील अनेक शहरांत घरापुढे साबणाने गाडी धुण्यास मनाईच आहे. तेल वेगळे करण्याची सोय असलेल्या धुलाई केंद्रातच ती न्यावी लागते.

फेसाने भरलेली नदी महाराष्ट्राला अपरिचित राहिलेली नाही. गेल्या काही वर्षांत आळंदीत इंद्रायणीच्या पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर तरंगताना वारकऱ्यांनी वारंवार पाहिले. बंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावाचा फेस तर २०१५ मध्ये रस्त्यावर आला आणि तलावाच्या पृष्ठभागाला आग लागण्याचे प्रकारही घडले. या दोन्ही ठिकाणचा प्रमुख दोष प्रक्रियेविना सोडलेल्या सांडपाण्याचा आणि औद्योगिक रसायनांचा आहे. गाड्या धुण्याचा वाटा त्यापुढे लहान, हे न्यायाने म्हटले पाहिजे. घरोघरीचे कपडे आणि भांडी यांतून जाणारा साबण गाड्यांच्या साबणाच्या कितीतरी पट आहे. मात्र तो साबण अडवण्यासाठी केंद्रे उभी आहेत किंवा उभी राहत आहेत. वाहनतळावरच्या साबणाला अडवणारे काहीच नाही. अन्‌ त्याचा ओघ वाढतोच आहे. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने विकली गेली आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आल्यानंतर शोरूममधली गर्दी आणखी वाढली. नवी गाडी घेणारा तिच्या रंगाविषयी सर्वांत जागरूक असतो, हे वेगळे सांगायला नको.

नियम आहेत, पण ते भलत्याच जागी आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ च्या वर्गवारीत वाहनांची सर्व्हिसिंग, दुरुस्ती व रंगकाम करणारी केंद्रे ‘नारंगी’ श्रेणीत टाकली, म्हणजे त्यांना मंडळाची संमती आणि सांडपाण्याची व्यवस्था आवश्यक ठरली. मोठ्या कंपन्यांची अधिकृत केंद्रे ही तजवीज करतात. काही ठिकाणी धुतलेले पाणी गाळून पुन्हा वापरले जाते. परंतु रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये चालणारे धुलाई केंद्र, मोबाइलवर नोंदणी करून दारात येणारी फेस धुलाईची गाडी आणि संकुलातला रविवारचा प्रेशर पंप यांच्याकडे कोणी फिरकत नाही. त्यांच्याकडे लक्ष जाते ते धरण आटल्यावर, आणि तेही दंडाची पावती घेऊन. पहिला पाऊस पडला की आदेश विसरला जातो. बंगळुरूला फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच आदेश पुन्हा काढावा लागला, यावरून तात्पुरत्या बंदीचे आयुष्य किती असते ते कळते.

वास्तविक उपाय पुष्कळशा संकुलांच्या तळघरातच पडून आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर वा त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि त्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्राची अट असते. ही केंद्रे अनेक ठिकाणी बिल्डरने संस्था हस्तांतरित केल्यानंतर विजेच्या बिलाच्या भीतीने बंद ठेवली जातात, किंवा चालू असली तरी त्यांचे पाणी बागेला घालून उरलेले गटारात सोडले जाते. हे पाणी नीट गाळून व निर्जंतुक करून गाडीच्या पहिल्या धुलाईला वापरता येईल. अर्धवट प्रक्रिया झालेले पाणी झोताने उडवणे मात्र धोक्याचे आहे. त्याचे तुषार धुणाऱ्याच्या श्वासात जातात, त्याच्या डोळ्यांत जातात. म्हणून केंद्र खरोखर चालते की नाही, याची तपासणी आधी आणि गाडी धुणे नंतर. शेवटचे खळबळणे साध्या, कमी क्षाराच्या पाण्याने केले तर डागही पडत नाहीत. वाहनतळाच्या एका कोपऱ्यात धुण्याची जागा ठरवून तेथील उतार पावसाळी गटाराऐवजी तेल-सापळ्यातून मलवाहिनीला जोडणे, हा काही मोठा खर्च नव्हे. इमारतीच्या बाह्य रंगकामावर संस्था त्याच्या कितीतरी पट रक्कम मुकाट्याने खर्च करतात.

राहिला तो पहाटेचा माणूस. फेस धुलाईची गाडी दारात येऊ लागली, की प्रथम त्याचे काम जाते. कित्येक ठिकाणी तसे घडू लागले आहे. पूर्वी वीस गाड्या पुसणाऱ्याकडे आता बारा उरल्या, आणि त्या बाराही रोजच्या ओल्या फडक्याच्याच, कारण यंत्र त्याच्याकडे नाही. गाड्या धुण्याचे कौशल्य त्याला नाही असे नाही. पंप घ्यायला भांडवल नाही, नळाची किल्ली नाही आणि वाहनतळावर विजेचा प्लग वापरण्याची परवानगी नाही. पंप संस्थेने घ्यावा, मोजे व टॉवेल संस्थेने पुरवावेत, रोज ओल्या फडक्याऐवजी कोरड्या मऊ झाडणीने काच व आरसे साफ करावेत, पंधरवड्याला एकेका रांगेची फेस धुलाई व्हावी आणि त्याचा महिन्याचा दर तोच किंवा थोडा अधिक राहावा, अशी व्यवस्था अशक्य नाही. दोनशे गाड्यांना पंधरवड्याला एकदा म्हटले, तर दिवसाला सरासरी पंधराएक गाड्या होतात. दोन माणसे सकाळच्या चार तासांत हे काम उरकू शकतात. साबणाच्या पाण्यात तासन्‌तास हात राहतात म्हणून रबरी हातमोजे आणि पायांत बूट हेही त्या हिशेबात धरावे लागतील.

या व्यवस्थेला विरोध होईल तो गाडीधारकांकडूनच. पंधरा दिवसांत एकदा धुतलेली गाडी मधल्या काळात थोडी मळकट दिसणारच, आणि शेजाऱ्याची चकचकीत गाडी पाहून मन खट्टू होणारच. येत्या उन्हाळ्याच्या आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, बऱ्याच संस्थांच्या समित्या पाण्याच्या वेळापत्रकासाठी बसतील. गाड्या पुसणाऱ्याची बादली दोनवरून एकावर आणण्याची सूचना त्या बैठकीत नेहमीप्रमाणे येईलच. त्याच वेळी वाहनतळाचे पाणी नेमक्या कोणत्या वाहिनीला जाते, हे प्लंबरला बोलावून झाकण उघडून पाहण्याचा ठराव कोणी मांडला, तर त्या कामाला एक सकाळ पुरेल.